सारंगकाकांच्या डब्यातलं कार्ड

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा कुठे दिसला, की ती घटना आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पोलिसांना खुशाल गुंगारा देणारे एकाहून एक बिलंदर पाहिले. त्यांतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण पत्त्याएवढ्या एका जुन्या कागदाचा तपास मला अथपासून इतिपर्यंत आठवतो. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यांतले काही जण आज नाहीत, आणि जे आहेत त्यांच्या हातचं म्हावरं मला अजून खायचं आहे.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दशकातली. पनवेलच्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. गुन्ह्यांचा छडा लावणारं पथक माझ्याकडे होतं, त्याला आम्ही डीबी म्हणतो. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. गणपतीचा बंदोबस्त तोंडावर आला होता आणि मंडळांचे अध्यक्ष मांडवाच्या परवानगीसाठी सकाळपासून ठाण्यात ठिय्या देऊन बसत. अशा गडबडीत सोमवारी मी आत शिरलो, तर ठाणे अंमलदार एका म्हाताऱ्याला समजावत होते, "काका, एक पत्ता हरवला तर नवा कॅट घ्या ना. बाजारात ढीग मिळतात. त्यासाठी कुणी पोलिसात येतं का?"

"ते खेलायचे पत्ते नाय," म्हातारा म्हणाला. "मी मघापासून सांगतंय तुमाला."

अंगापिंडाने मजबूत, उन्हाने रापलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि त्यावर दोन्ही पंजे. माझा एक अनुभव आहे. खोटी तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे हात मोकळे असतात, कारण त्याला हातवारे करून पटवायचं असतं. वस्तू अशी घट्ट धरून बसलेला माणूस सहसा खरं बोलतो. मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं आणि चहा सांगितला.

ते मूळचे उरणकडच्या किनाऱ्यावरचे कोळी. सारी हयात मालवाहू जहाजांवर गेली. खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग, त्या पदावरून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना सारंगकाका म्हणत. आता पनवेलजवळ विचुंब्याला नव्या इमारतीत मुलाच्या घरी राहत होते. मुलगा सकाळी कामावर जाई, घरात नवरा-बायको दोघंच.

त्यांनी डबा उघडला. आत पातळ प्लास्टिकच्या पाकिटांत जुनी, पिवळी पडलेली कार्डं होती. एकेका कार्डावर एकेका माणसाचं चित्र, डोक्यावर टोपी, हातात जाडजूड दांडकं नाहीतर पंज्याएवढा चामडी मोजा.

"बेसबॉल," सारंगकाका म्हणाले. "अमेरिकेत खेलतात. आपल्या क्रिकेटचा चुलता समजा."

"आणि ही मंडळी कोण?"

"हे खेलत होते तवा यांना कोन इचारत नव्हता. कोनाचा रंग काला म्हनून मोठ्या सामन्यांत घेतला नाय, कोन गरीब गावाकरनं खेलला. मग हात-पाय थकले, बरेचसे मेले, आनि मग लोकांना आठवन झाली. मग मान, मग पुतले. मी असल्यांचीच कार्डां जमवतो. खेलत असतानाच ज्यांच्या आरत्या झाल्या, ते मना नको."

प्रत्येक बंदरावर जहाज लागलं की बाकीचे खलाशी कुठे जात, ते मी इथे लिहीत नाही. सारंगकाका मात्र जुन्या वस्तूंच्या दुकानांत जाऊन असली कार्डं शोधत. ज्या दिवशी कार्ड छापलं गेलं त्या दिवशी त्या माणसाला कुणी ओळखत नव्हतं, याचंच त्यांना कौतुक वाटे. हा नाद त्यांना ज्याच्यामुळे लागला, नेमकं त्याचंच कार्ड डब्यातून गेलं होतं.

तरुणपणी अमेरिकेतल्या एका बंदरात त्यांच्या पोटाचं तातडीने ऑपरेशन करावं लागलं होतं. जहाज काही कुणासाठी थांबत नाही. ते निघून गेलं आणि हा कोळ्याचा पोर खलाशांच्या इस्पितळात एकटा राहिला. तिथे एक काळासावळा, उंच पहारेकरी होता. तो रोज येऊन बसायचा. घरून भात आणायचा, कारण पावाचा ह्यांना वीट आला होता. चालता यायला लागल्यावर त्याने ह्यांना मागच्या अंगणात नेलं आणि तो चामडी मोजा घालून चेंडू झेलायला शिकवलं. हा पहारेकरी एके काळी नावाजलेला खेळाडू होता, पण फक्त आपल्या लोकांत. मोठ्या स्पर्धांचं दार त्याला कधी उघडलंच नाही. त्याच्या उमेदीच्या काळात गावातल्या एका बेकरीने पावाबरोबर वाटायला त्याचं कार्ड छापलं होतं. निघायच्या दिवशी त्याने आपल्याजवळचं एकुलतं एक कार्ड ह्यांच्या हातात ठेवलं. म्हणाला, इथे कुणी ठेवणार नाही, तू ठेव.

"मी त्याला शब्द दिला," सारंगकाका म्हणाले. "बोललो, तुजा मान होईल त्या दिवशी हे कार्ड तुज्या हातात परत देईन. तो एवढा हसला साहेब, एवढा हसला, डोल्यांतना पानी आला."

आणि आता त्याचा मान होणार होता. सारंगकाकांच्या मुलाने कॉम्प्युटरवर बातमी वाचली. त्या खेळातल्या थोरांच्या पंगतीत त्याला बसवायचं ठरलं होतं. म्हातारा नव्वदीला टेकलेला, चाकांच्या खुर्चीत, पण जिवंत. वरच्या मजल्यावर राहणारा जहाजावरचा एक तरुण अधिकारी शुक्रवारी विमानाने अमेरिकेला जाणार होता आणि कार्ड म्हाताऱ्याच्या हातात देण्याचं त्याने कबूल केलं होतं. ते बांधून ठेवावं म्हणून सारंगकाकांनी सोमवारी डबा उघडला, तर सगळी कार्डं जागच्या जागी आणि तेवढं एकच गायब.

तक्रारी अर्जात गेलेल्या मालाची किंमत लिहावी लागते. मी पेन उचलून विचारलं, "किंमत किती लिहू?"

"किंमत नाय. माजा शब्द गेला साहेब. लिवता येत असंल तर तो लिवा."

मी किमतीची जागा कोरी ठेवली. ठाणे अंमलदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की साहेबांना आता बदलीची नाही, विश्रांतीची गरज आहे.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दाराचं कुलूप शाबूत, कपाट शाबूत. डबा कपाटावर जहाजावरच्या जाड कांबळ्याखाली असायचा. घरात परक्याचा वावर झाल्याची एकही खूण नव्हती. डब्याच्या झाकणाला आतून एका कडेला लालसर डाग होता. मी बोट लावून पाहिलं तर कुंकू. श्रावणातलं घर, पूजा-अर्चा चालूच असते, म्हणून मी त्याची नुसती मनात नोंद केली.

काकूंनी चहा दिला, बरोबर तांदळाच्या पिठाची बोरं दिली. ठसठशीत कुंकू, केसांत अबोलीचा गजरा, बोलणं मोजकं. मी विचारलं, "काकू, घरात कोण कोण आलं होतं या दोन-चार दिवसांत?"

"सनाचे दिवस. कोन येतात, कोन जातात. ह्यांच्या डब्याला मी हात नाय लावत."

एवढं बोलून त्या आत गेल्या. निघताना मला एक गोष्ट खटकली. ज्या घरात चोरी होते, ते घर पोलिसाला सोडत नाही. सापडेल का, कुणावर संशय आहे, कधी सापडेल, असं विचारून जीव नकोसा करतात. ह्या बाईंनी मला एका शब्दाने विचारलं नाही. पण नवऱ्याच्या छंदाचा कंटाळा आलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या होत्या. तेव्हा तेही मनातच ठेवलं.

मंगळवारी खबर आली. एसटी स्टँडबाहेरचा एक रिक्षावाला माझा खबरी होता. पनवेलमध्ये कोण कुणाला कुठे सोडतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, बाजारातला तो नाण्या-तिकिटांचा दुकानदार आहे ना, माझ्या रिक्षात बसून मुंबईच्या पार्टीशी फोनवर बोलत होता. अमेरिकेच्या प्लेयरचं जुनं कार्ड हाय बोलला, थोडं थांबा, आपल्याकडेच येतंय."

मला आणखी काय हवं होतं? दुकानदाराला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. जुनी नाणी, टपाल तिकिटं, नोटा विकणारा, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा, पन्नाशीचा गृहस्थ. आला तोच घामाघूम होऊन.

"साहेब, टोटल गैरसमज आहे. मी धंदेवाला माणूस आहे, चोर नाही."

"कार्ड कुठे आहे?"

"माझ्याकडे नाही. पण हवं होतं, ते मी मान्य करतो. ती न्यूज मी पण वाचली. दोनदा सारंगकाकांना विचारलं, दोनदा हाकललं त्यांनी. तरी मी कस्टमरला बोलून ठेवलं. म्हातारा माणूस आहे, आज ना उद्या देईल. आमच्या लाइनमध्ये असं बोलावंच लागतं."

चौकशीत मी आवाज क्वचितच चढवला. गप्प बसून समोरच्याच्या चष्म्याकडे बघत राहिलं की माणूस आपणहून बोलतो. दुकानदार पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, मला चोर म्हणायच्या आधी एक विचार करा. त्या डब्यात याच्यापेक्षा कितीतरी भारी कार्ड आहे, तिसऱ्या पाकिटात. जाणकार चोर असता तर ते नेलं असतं. अडाणी चोर असता तर अख्खा डबा नेला असता. मधलं एकच कार्ड कोण उचलेल?"

हा माणूस माझ्या पथकात असता तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं. कार्डासाठी कार्ड नेणारा यात कुणी नव्हता. त्या चित्रातल्या माणसासाठी कार्ड नेलं गेलं होतं.

"शेवटचं कधी गेला होतास त्यांच्या घरी?"

"पौर्णिमेच्या दिवशी सकाळी. काका नारळ आणायला बाजारात गेले होते. काकूंनी दारातूनच परत पाठवलं. त्या आधीच गडबडीत होत्या."

"कसली गडबड?"

"पूजेची असेल. खाली बसल्या होत्या, तबक समोर, हळद-कुंकू, नारळ. आणि हो, तो डबा पण तिथेच होता बाजूला, उघडा. मला बघून त्यांनी झटकन पदर टाकला त्याच्यावर."

मी दुकानदाराला सोडलं. आमच्या बाकावर बसलेलं त्याला चार गिऱ्हाइकांनी पाहिलं होतं, म्हणून हवालदारांना सांगितलं, याला दुकानापर्यंत पोचवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणा की साहेबांना मदत केली, आभारी आहोत. हवालदारांनी ते इतक्या जोरात म्हटलं की बाजारपेठेत दुकानदाराचा भाव वधारला.

बाईमाणसाची चौकशी करायची तर ती तिच्या घरी, दिवसाउजेडी, महिला पोलीस सोबत घेऊन. बुधवारी सकाळी आमच्या महिला हवालदारांना घेऊन मी विचुंब्याला गेलो. सारंगकाका आणि काकू समोरासमोर बसले होते. मी कागद-पेन बाहेर काढलंच नाही.

"काकू, कार्डाला कुंकू लावलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "होडी परत येईस्तवर सांगायचा नाय, अशी आमच्या म्हायेरची रीत हाय," त्या म्हणाल्या. "पन पोलीस दारात आले. आता काय करू?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंच्या भावाने कर्ज काढून नवी होडी बांधली होती. भावाचा मुलगा, काकूंचा भाचा, पहिल्यांदाच तांडेल म्हणून, म्हणजे होडीचा म्होरक्या म्हणून, समुद्रावर निघाला होता. बरोबर गावातली सात-आठ पोरं. नव्या होडीच्या केबिनमध्ये देव मांडतात, त्यांच्या पंगतीला घराण्यातल्या गेलेल्या मोठ्या माणसांचे फोटो लावतात. समुद्रावर राखण करणाऱ्यांनी होडी सांभाळून न्यायची आणि सांभाळून आणायची. पौर्णिमेला होडीची पूजा झाली, तेव्हा काकूंनी त्या फोटोंशेजारी हे कार्ड चिकटवलं होतं. होडी दुसऱ्याच दिवशी पहिल्या फेरीला गेली होती.

सारंगकाका ताडकन उठले. "अगं, तो आपल्या घरातला हाय का? आनि तो जिता हाय!"

"जिता हाय?" काकूंचा चेहरा खरोखर बघण्यासारखा झाला. "मग डब्यात मेलेल्यांच्यात कशाला ठेवला?"

काकू म्हणाल्या, "तुमीच म्हनता ना, ह्या लोकांना मेल्यावर मान देतात. सनाच्या आधी पोरगा वाचून म्हनला, त्याला मान दिला. मना वाटला, गेला बिचारा. मी त्याच्या नावानं दिवा पन लावला."

आमच्या महिला हवालदार खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू आवरेना, पण काकूंच्या पुढच्या वाक्याने ते विरून गेलं.

"तुमचा जहाज तुमाला सोरून गेला होता. परक्या मुलखात तुमाला भात घालून, उठवून, चालवून त्यानं माज्या घरी परत धारला. माजा लगीन व्हायचा होता तवा. तो नसता तर मी कोनाची झाले असते? मना वाटला, ह्यांना परत आनलान, माज्या भाच्याला पन आनंल. देवापेक्षा मना त्याचा भरवसा जास्त वाटला. चुकला का माजा?"

सारंगकाका परत खाली बसले. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, तेवढाच आवाज येत होता.

मी घाटावरचा माणूस. पाणी म्हटलं की विहीर एवढंच लहानपणी माहीत. मला हा प्रश्न अगदी सोपा वाटला. मी म्हणालो, "काका, काळजी करू नका. होडीवर वायरलेस असेल. सागरी पोलिसांत माझी ओळख आहे. आज निरोप गेला तर उद्या होडी किनाऱ्याला येईल. शुक्रवारी कार्ड विमानात."

काकूंनी तोंडावर पदर घेतला. त्यांनी फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

"नको साहेब," सारंगकाका म्हणाले. "पयल्या फेरीला गेलेली होडी मदूनच माघारी बोलवायची नाय. पोरांच्या मनात कायम राहील. तांडेलाच्या मनात तर जास्तच."

"आणि तुमचा शब्द?"

"शब्द माजा एकल्याचा हाय. होडीत आठ घरांची पोरं हायत." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हातारा थांबला तर थांबला. त्यानं एवढी वर्सां वाट बघितली, अजून थोडी बघंल."

पण बोलताना त्यांचा हात मांडीवरच्या डब्यावर होता. होडी एकदा गेली की आठवडा-दहा दिवस परतत नाही. पुढे कोण जाणार, कधी जाणार, आणि नव्वदीच्या माणसाचा काय भरवसा, हे त्यांनाही कळत होतं. चोर सापडला होता, मुद्देमाल कुठे आहे हे कळलं होतं, आणि तरी मी रिकाम्या हाताने ठाण्यात परतलो. असा हा एकच तपास.

गुरुवारी दुपारी बंदोबस्ताची बैठक चालू असताना सारंगकाकांचा फोन आला. "साहेब, होडी करंज्याला लागते हाय. मासळी एवढी गावली की बर्फ कमी परला. परत फिरले."

मी बैठकीतून उठलो. जीपच्या नोंदीत ‘तपासकामी रवाना’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. दोघांना घेऊन करंजा बंदर गाठलं तेव्हा धक्क्यावर नुसता कल्लोळ होता. पापलेटं, सुरमई, कोळंबीच्या टोपल्यांवर टोपल्या उतरत होत्या. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्या फेरीला मासळी भरपूर मिळते, हे मला नंतर जाणत्यांनी समजावलं. पण त्या वेळी होडीवरचा एकही माणूस ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्यांच्या मते ही सगळी कृपा केबिनमधल्या त्या काळ्या टोपीवाल्याची होती.

केबिनमध्ये मी वाकून पाहिलं. देवांच्या तसबिरी, पागोटं घातलेले दोन कोळी म्हातारे, आणि त्यांच्या शेजारी, टोपी किंचित तिरकी घालून हसणारा तो खेळाडू. कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. चित्राच्या चौकटीला झेंडूचं एक फूल अडकवलेलं. तो तिथे इतका रुळलेला दिसत होता की पागोटेवाले दोघे त्याचे सख्खे भाऊ वाटावेत.

सारंगकाकांनी हात पुढे केला, तर भाचा मध्ये उभा राहिला. "आत्या, आता हा नाय जायचा. पोरां ऐकनार नाय. पयल्या फेरीत एवढा दिलान त्यानं."

"अरे, त्याचा त्याला द्यायचा हाय. तो जिता हाय," सारंगकाका म्हणाले.

"जिता हाय?" भाचाही चमकला. मागे उभ्या पोरांत कुजबुज झाली. पण भाचा तयार होईना. "तरी पन काका, जागा रिकामी ठेवून दुसऱ्या फेरीला कसा जाऊ? देवाच्या फलीवरना काढला तर तिथं दुसरा कोन तरी बसवायला पायजे."

वर्दी घालून मी तिथे उभा होतो, पण माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. कायद्याने तो कागद सारंगकाकांच्या मालकीचा होता. पण कायदा दाखवून तो उतरवला असता तर भाचा दुसऱ्या फेरीला धास्तावलेला गेला असता, आणि सारंगकाकांनी ते कबूल केलं नसतं.

तेव्हा काकू पुढे झाल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पासपोर्ट फोटोपेक्षा थोडा मोठा, जुना काळा-पांढरा फोटो. तरुण, मिसरूड नुकतंच फुटलेला खलाशी, डोक्यावर जहाजाची टोपी किंचित तिरकी घातलेला. त्या निघतानाच तो बरोबर घेऊन आल्या होत्या. जागा रिकामी ठेवायची नसते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"हा बसव," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सारा समुद्र बघितलाय. तुमाला सांबालतील."

सारंगकाका ओरडले, "अगं, मी अजून मेलो नाय!"

"तो पन मेला नव्हता. काय बिघरला?"

धक्क्यावर असा हशा उठला की टोपल्या उचलणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. भाच्याने फोटो घेतला, डोक्याला लावला आणि कार्डाच्या जागी बसवला. काकूंनी होडीवरच्याच करंड्यातून कुंकू घेऊन नवऱ्याच्या फोटोला टिळा लावला. सारंगकाका दुसरीकडे बघत होते. मोठमोठी वादळं बघितलेला हा माणूस खिशात रुमाल शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनी कार्ड पाकिटात घातलं. कपाळावरच्या टिळ्यावर अंगठा फिरवायला गेले, तर काकूंनी हात धरला. "पुसू नका. त्याचा त्याला कलू दे, कुटं जाऊन आला ते."

शुक्रवारी कार्ड गेलं. ठाण्यात मी तो अर्ज निकाली काढला. शेरा लिहिला: सदर वस्तू अर्जदाराच्या नातेवाइकांकडे मिळून आली, अर्जदाराची तक्रार नाही. वस्तू दरम्यान अरबी समुद्रात होती, हे लिहायला कुठे रकाना नव्हता.

पुढे वरच्या मजल्यावरच्या त्या तरुणाचा फोन आला. म्हाताऱ्याने कार्ड ओळखलं. सारंगकाकांचं नावही त्याला आठवलं, थोडं वेडंवाकडं, पण आठवलं. लाल ठिपका कसला, असं त्याने विचारलं. तरुणाने सांगितलं, आमच्या बायका ज्याच्यावर भरवसा ठेवतात त्याला लावतात, आणि मग होडीची सगळी हकिगत सांगितली. काही दिवसांनी मुलाने समारंभाचा फोटो छापून आणला. चाकांच्या खुर्चीत म्हातारा, गळ्यात मानाचं पदक, आणि हातात ते कार्ड. टिळा सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्याने ते धरलं होतं. त्याच्या देशाने त्याचा मान करण्याआधी करंज्याच्या होडीवर तो होऊन गेला होता, हे त्या सभेत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

चोरीमागे हाव असते, एवढंच आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. माया सुद्धा वस्तू उचलून नेते, हे मी या प्रकरणात शिकलो, आणि त्यानंतर घरातल्या चोरीची तक्रार आली की मी कुलपाआधी घरातल्या माणसांकडे बघू लागलो. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. आमच्या खात्यात कौतुक निरोप समारंभासाठी राखून ठेवायची पद्धत आहे. सारी हयात ज्याला कुणी बरं म्हटलं नाही, त्याच्या गळ्यात शेवटच्या दिवशी हार पडतात, भाषणं होतात, आणि तो बिचारा घरी जाऊन विचार करतो की हे आधी का नाही सांगितलं. त्या गणपतीनंतर मी सकाळच्या हजेरीला ज्याने चांगलं काम केलं त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्यायला सुरुवात केली. सुरुवात त्याच महिला हवालदारांपासून केली. त्या लाजून लाल झाल्या, पण दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं आधी आल्या.

मी निवृत्त व्हायच्या सुमारास सारंगकाका गेले. दिवस झाल्यावर मी विचुंब्याला भेटायला गेलो. हात जोडायचे म्हणून भिंतीवर फोटो शोधला, तर तिथे फोटो नव्हता. कपाटावर कांबळं होतं, कांबळ्याखाली डबा होता. माझी नजर काकूंनी ओळखली.

"इथं नाय," त्या म्हणाल्या. "ते होडीवर असतात. कालच परत फेरीला गेले."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला, बोरांची ताटली सरकवली.

"लोक येतात, सगले चांगला चांगला बोलतात. आता कोन हार घालतो, कोन नाय, मी बघत नाय साहेब. माजा त्या दिवशी होडीवर घालून झालाय. त्यांनी बघितलाय तो."